फॉरवर्ड व्हायचंय? आधी बॉल नसताना काय करायचं ते शिका

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी आमचा सीझन सुरू होतो आणि पहिल्याच शनिवारी कुणी ना कुणी मला मैदानाच्या कडेला गाठतं. "दादा, आमच्याला फॉरवर्डलाच ठेवा हं. त्याला गोल मारायला फार आवडतं." आवडतंच, गोल कुणाला नको असतो? पण तेच पोर मैदानात उतरलं की एकतर बॉलभोवतीच्या घोळक्यात घुसतं, नाहीतर समोरच्या गोलपाशी उभं राहून "पास दे, पास दे" ओरडत बसतं. या दोन्हीतून फॉरवर्ड घडत नाही. काय केल्यानं घडतो, ते दर वर्षी नव्यानं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल बघत वाढलो, तालमीच्या ज्युनिअर टीमकडून दोन वर्षं खेळलोही. आता कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला राहतो आणि दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी शिकवतो. माझ्या शिकवण्याचा निम्मा भाग एका माणसाच्या खेळातून उचललेला आहे. त्याचं नाव क्रिस वॉन्डोलॉस्की, इथं सगळ्यांचा वॉन्डो. सॅन होजे अर्थक्वेक्स या इथल्या व्यावसायिक टीमचा आठ नंबर.

मेस्सी किंवा एम्बाप्पे का नको, असं मुलं विचारतात. बघावं की, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण मेस्सीचं ड्रिब्लिंग बघून तुमचं पोर घरी ते करायला जातं आणि चौथ्या दिवशी सोडून देतं. वॉन्डो वेगानं कुणाला मागं टाकणारा नाही, पाच जणांना चकवून गोल मारणं हा त्याचा खेळच नव्हता. तरीही एमएलएसच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, इतिहासात सगळ्यात जास्त गोल मारून तो निवृत्त झाला, एकूण १७१. त्यातले बहुतेक गोल गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या आतले आणि एका टचमध्ये मारलेले. मग त्यानं नेमकं केलं काय? तेच तर शिकवता येतं, आणि तेच शिकवायचं.

आधी त्याची कारकीर्द थोडक्यात माहीत हवी, कारण पुढं पैशांचा आणि धीराचा विषय निघणार आहे. जन्म १९८३ चा, आमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या डॅनव्हिलचा. आईकडून तो किओवा या मूळ अमेरिकन जमातीचा. शाळेत ट्रॅकवरही पळायचा. कॉलेज चिको स्टेट, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन टूमधलं, दुसऱ्या पातळीवरचं, सॅन होजेहून उत्तरेला गाडीनं तीन-साडेतीन तासांवर. तिथं मोठ्या क्लबांचे लोक रांग लावून खेळाडू बघायला येत नाहीत. २००५ साली एमएलएसच्या सप्लिमेंटल ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तो मुख्य ड्राफ्ट होऊन गेल्यावर उरलेल्यांतून निवडतात त्यात, सॅन होजेनं त्याला ४१ वा घेतला. पगार वर्षाला बारा हजार डॉलरच्या आसपास. बे एरियात एवढ्यात भाडंसुद्धा निघत नाही, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षाअखेरीस आख्खी टीम उठून टेक्सासला गेली आणि ह्यूस्टन डायनॅमो झाली. त्या टीमनं २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं एमएलएस कप जिंकला. वॉन्डो तिथं होता, पण बहुतेक वेळ बेंचवर आणि राखीव संघात. राखीव संघाच्या सामन्यांना प्रेक्षक मोजके असतात. तो त्या सामन्यांत गोल मारत राहिला. २००९ च्या जूनमध्ये ह्यूस्टननं त्याला सॅन होजेत पुन्हा उभ्या राहिलेल्या टीमला देऊन टाकलं आणि बदल्यात दुसरा फॉरवर्ड घेतला. २००५ ते २००९ या पाच सीझनमध्ये मिळून त्याचे लीगमधले गोल किती? ७.

आणि २०१० या एकाच सीझनमध्ये १८. लीगमध्ये सर्वाधिक, गोल्डन बूट. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी १६. २०१२ मध्ये २७ गोल मारून त्यानं एका सीझनमधल्या सर्वाधिक गोलांच्या, रॉय लॅसिटरच्या १९९६ च्या विक्रमाशी बरोबरी केली, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि टीमनं सपोर्टर्स शील्ड, म्हणजे साखळीत सर्वाधिक गुणांसाठीची ढाल, पटकावली. २०१० ते २०१९, सलग दहा सीझन, एकदाही दहाच्या खाली आला नाही. हा आकडा मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो: ७ एकीकडं, १६४ दुसरीकडं. माणूस तोच. ती पाच वर्षं तो काय शिकत होता, ते आता बघू.

पहिलं काम पालकांचं. मुलाला प्रत्यक्ष मैदानावर सामना बघायला न्या. टीव्हीवर फॉरवर्ड दिसत नाही. कॅमेरा बॉलच्या मागं असतो आणि फॉरवर्डचं काम बॉलपासून तीस यार्डांवर चाललेलं असतं. सॅन होजेचं स्टेडियम विमानतळाला लागून आहे, १८ हजार माणसांचं. छोटं असल्यामुळं स्वस्तातल्या जागेवरूनही सगळं दिसतं. शक्यतो गोलच्या मागची, थोडी वरची जागा घ्या. सोबत एक वही आणि पेन्सिल. वहीत पेनल्टी बॉक्सचा चौकोन आधीच काढून ठेवा.

आता मुलाला सांगा: दहा मिनिटं बॉलकडं बघायचं नाही. फक्त आपल्या टीमच्या फॉरवर्डकडं बघायचं. तो जेव्हा जेव्हा धावेल तेव्हा चौकोनात एक रेघ काढायची, आणि त्या धावेला बॉल मिळाला तर रेघेच्या टोकाला ठिपका द्यायचा. पहिली दोन मिनिटं फार जड जातात, मान आपोआप बॉलकडं वळते. माझी लेक नऊ वर्षांची असताना आम्ही हे पहिल्यांदा केलं. दहा मिनिटांनी वहीभर रेघा झाल्या होत्या आणि ठिपके बोटावर मोजण्याएवढे. ती म्हणाली, "बाबा, याला कुणी पास का देत नाही?" मी म्हटलं, आता पुढची दहा मिनिटं एवढंच बघ, पास न मिळाल्यावर तो काय करतो. तो मागं यायचा, श्वास घ्यायचा, डिफेंडरच्या पाठीशी जाऊन उभा राहायचा आणि पुन्हा निघायचा. हात उडवणं नाही, सहकाऱ्यावर ओरडणं नाही.

ही वही हा माझ्या सगळ्या शिकवण्याचा पाया आहे. ज्या मुलांनी निदान तीन सामने असे वहीत उतरवले, त्यांना पुढचं फार सांगावं लागत नाही.

मग मैदानावरचे सराव. तीनच सांगतो, पण ते वर्षभर करा. रोज नवा ड्रिल शोधू नका.

एक, खांद्यावरून बघणं. मूल तुमच्याकडं तोंड करून उभं, तुमच्या पायात बॉल. त्याच्या मागं दहा पावलांवर आई किंवा भाऊ उभा, हाताची काही बोटं वर करून. तुम्ही पास द्यायच्या आधी मुलानं मान वळवून मागं बघायचं आणि बॉलला पाय लावायच्या आत किती बोटं ते सांगायचं. बोटं सारखी बदलत राहायची. सुरुवातीला बॉल निसटेल, निसटू द्या. आठवड्याला दोनदा, दहा-दहा मिनिटं. दोन महिन्यांत मान वळवणं अंगवळणी पडतं, आणि एकदा ते पडलं की पोराला मैदान चारी बाजूंनी दिसायला लागतं.

दोन, डिफेंडरच्या पाठीमागची जागा. हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून यावर जरा थांबतो. कोल्हापुरात मी फॉरवर्ड खेळायचो तेव्हा पास कधी येतो याची वाट बघत बॉलकडं टक लावून उभा असायचो. आमच्या तालमीतले एक जुने खेळाडू सरावाला यायचे, गुडघा गेलेला, काठावर खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस त्यांनी हाक मारली. म्हणाले, "बॉलकडं काय बघतोस? बॉल कुठं पळून जात न्हाई. त्या डिफेंडरच्या मुंडक्याकडं बघ." मला तेव्हा अर्थ लागला नाही. अर्थ लागला तो वीस वर्षांनी, सॅन होजेत वॉन्डोला बघताना. डिफेंडरला एका वेळी बॉल आणि माणूस दोन्ही दिसत नाहीत. तुम्ही त्याच्या खांद्यामागं उभे असाल, तर तुम्हाला बघायला त्याला मान वळवावी लागते. तुम्हाला बघून त्याची मान पुन्हा बॉलकडं वळली, की तो एक क्षण तुमचा. वॉन्डो त्या क्षणावर जगला.

सरावासाठी तीन माणसं लागतात. विंगवर पास देणारा, बॉक्समध्ये डिफेंडर म्हणून तुम्ही, आणि मूल. मुलाला तुमच्या मागच्या खांद्यापाशी उभं करा. सूचना एवढीच: माझी मान बॉलकडं वळली की तू निघ. निघताना आधी दोन पावलं लांबच्या पोस्टकडं टाकायची, जणू तिकडंच जायचंय, आणि मग झटक्यात जवळच्या पोस्टसमोर शिरायचं. ती दोन खोटी पावलं मनापासून टाकायला शिकवा. मुलं ती नुसती उरकतात आणि डिफेंडर जागचा हलत नाही.

वेळ कशी साधायची हे मुलांना सगळ्यात अवघड जातं. लवकर निघाला तर ऑफसाइड, पास सुटल्यावर निघाला तर उशीर. मी खूण सांगतो: पास देणारा किकसाठी पाय मागं नेतो आणि त्याची नजर खाली बॉलवर जाते, तेव्हा निघायचं. बॉल पायातून सुटायची वाट बघायची नाही. पहिले काही आठवडे दहातले आठ चुकतील. चुकू द्या, पण वाटेत शिट्टी वाजवून थांबवू नका. धाव पूर्ण झाली की विचारा, "त्याचा पाय कुठं होता?" उत्तर मुलालाच देऊ द्या.

तीन, रिबाउंड. टीममधल्या कुणीही शॉट मारला की बाकीची मुलं काय करतात? बघत उभी राहतात. वॉन्डो निघालेला असायचा. गोलकीपरच्या हातून बॉल सुटेल, पोस्टला लागून परत येईल, कुणाच्या तरी नडगीवरून उडेल, या भरवशावर तो प्रत्येक शॉटच्या मागं धावायचा. बहुतेक वेळा बॉल कीपरच्या हातात राहतो आणि ती धाव वाया जाते. पण नाव लागलेले कितीतरी गोल त्यातूनच येतात. घरी गॅरेजच्या भिंतीवर हे करता येतं. तुम्ही भिंतीवर बॉल मारा, मूल तुमच्या बाजूला दहा-बारा पावलांवर. तुमचा पाय मागं गेला की त्यानं निघायचं आणि परत आलेला बॉल एका टचमध्ये जमिनीवर ठेवलेल्या दोन शंकूंमधून घालवायचा. वीस बॉल. गोल मोजू नका. किती वेळा वेळेवर निघाला ते मोजा. हिशेब मुलाला कळला पाहिजे, म्हणजे त्याचं मन धावेवर राहतं.

एका टचचं तंत्र साधं आहे. पायाची आतली बाजू, घोटा घट्ट, बोटं वर, शरीर बॉलवर थोडं झुकलेलं. दहा वर्षांच्या मुलाला जोरात मारायचं असतं आणि जोर लावताना ते मागं रेलतं, मग बॉल थेट आभाळात. सहा यार्डांवरून जोर लागतच नाही. माझ्या टीममध्ये सहा यार्डांच्या आत लाथ घातलेला गोल सरावात धरत नाही.

नियमांचं थोडक्यात. नऊ-दहा वर्षांचे सात-सात, अकरा-बाराचे नऊ-नऊ, तेरापासून अकरा-अकरा खेळतात. नऊ ते बारा वर्षांच्यांना चार नंबरचा बॉल, तेराव्यापासून पाच नंबरचा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अमेरिकेत हेडिंगला मनाई आहे आणि अकरा ते तेराच्या सरावात त्यावर मर्यादा. घरीसुद्धा पाळा. मेंदूचा प्रश्न आहे, यात हौस नको.

आता पैसा आणि वाट, कारण आपल्या मराठी पालकांचा खरा घोळ इथं होतो. इथं क्लब फुटबॉलला वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात, वर प्रवास, हॉटेलं, किट. मग आपल्याला वाटतं, एवढे घालतोय तर टीम मोठ्या नावाची पाहिजे. माझी लेक अकरा वर्षांची असताना एका क्लबच्या निवड चाचणीत तिला वीस मिनिटं बघून "चपळ नाही" म्हणून तिसऱ्या टीममध्ये टाकलं. मला फार लागलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या एका क्लबच्या पहिल्या टीममध्ये राखीव म्हणून जागा मिळत होती. आम्ही ती घेतली नाही. तिसऱ्या टीममध्ये ती वर्षभर प्रत्येक सामना पूर्ण खेळली, आणि बॉक्समध्ये धावा काढायची सवय तिला तिथंच लागली. बारा-तेराव्या वर्षी मूल किती मिनिटं खेळतं हे बघा, जर्सीवरचा बिल्ला नंतर बघा.

पुढची वाट आज वॉन्डोच्या वेळेपेक्षा वेगळी आहे. एमएलएस क्लबांच्या स्वतःच्या अकादमी आहेत, २०२० पासून त्यांची एमएलएस नेक्स्ट ही स्पर्धा चालते, २०२२ पासून एमएलएस नेक्स्ट प्रो ही मुख्यतः त्यांच्या राखीव संघांची लीग आहे. चांगली मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षी थेट करार करतात. पण तिथं जागा मोजक्या, आणि कॉलेजचा रस्ता अजून खुला आहे. डिव्हिजन वन आणि टू या दोन्हींत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी मिळत नाही, अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळू शकते. "डिव्हिजन टू म्हणजे हलकं" असं जेवणाच्या टेबलावर मुलासमोर म्हणू नका. लीगचा सर्वाधिक गोलवाला तिथूनच आलाय.

शेवटचा विषय हुकलेल्या गोलचा. फॉरवर्डच्या नशिबी तो लिहिलेलाच असतो, आणि पालक म्हणून त्या दिवशी तुम्ही काय करता याला फार महत्त्व आहे.

१ जुलै २०१४, ब्राझीलमधल्या साल्व्हादोरला वर्ल्ड कपचा बाद फेरीचा सामना, अमेरिका विरुद्ध बेल्जियम. आमच्याकडं दुपारचा एक, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अमेरिकेचा गोलकीपर टिम हॉवर्ड एकामागून एक बॉल अडवत होता, शून्य-शून्य. वॉन्डो दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून उतरलेला. नव्वद मिनिटं उलटून गेली, आणि सहकारी जर्मेन जोन्सच्या डोक्याला लागून बॉल बॉक्समध्ये पडला. वॉन्डो बरोबर तिथं होता, जिथं तो आयुष्यभर असायचा. समोर कीपर, गोल पाच-सहा यार्डांवर. बॉल बारवरून गेला. जादा वेळेत बेल्जियमच्या डी ब्रॉयना आणि लुकाकूनं गोल केले, आमच्या ज्युलियन ग्रीननं एक फेडला, अमेरिका २-१ नं बाहेर. वर्षभराआधी गोल्ड कप या आपल्या खंडातल्या देशांच्या स्पर्धेत ५ गोल मारलेल्या या माणसाला लोक त्या एका किकवरून ओळखायला लागले.

कॅन्टीनमध्ये डोक्याला हात लावून मीही उभा होतो. पण मुलांना मी त्यानंतरचं सांगतो. तो सॅन होजेला परतला आणि त्या सीझनअखेर त्याचे लीगमधले १४ गोल झाले. पुढच्या वर्षी १६. त्या जागेवर जाणं त्यानं सोडलं नाही.

म्हणून मुलानं सोपा गोल हुकवला, तर गाडीत त्यावर बोलू नका. "काही हरकत नाही" असंही नको. त्याला माहीत असतं हरकत आहे ते. खायला घाला. पुढच्या सरावाला बरोबर त्याच जागी उभं करून, त्याच बाजूनं, त्याच उंचीचे वीस बॉल द्या, न बोलता. माझ्या टीममधली एक मुलगी मोक्याच्या सामन्यात रिकाम्या गोलसमोर हुकली आणि पुढचे दोन शनिवार बॉक्समध्ये शिरेचना, बाहेर-बाहेरच राहायची. तिच्या आईला मी एकच विचारलं, "घरी कुणी चिडवलं का?" मोठ्या भावानं चिडवलं होतं. ते बंद झालं, बुधवारचे वीस-वीस बॉल सुरू झाले, आणि चौथ्या आठवड्यात ती पुन्हा जवळच्या पोस्टसमोर दिसली. गोल नंतर केव्हातरी झाला; माझ्या दृष्टीनं ती बरी झाली ती तिथं दिसली तेव्हाच.

१८ मे २०१९ ला शिकागो फायरविरुद्ध वॉन्डो उतरला तेव्हा त्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही गोल नव्हता, वय ३६. लँडन डोनोव्हनचा लीगमधल्या १४५ गोलांचा विक्रम आणि त्याच्यात एकाचं अंतर. त्या दिवशी त्यानं चार मारले.

७ नोव्हेंबर २०२१ ला तो शेवटचा खेळला, डॅलसविरुद्ध, आणि त्या सामन्यातही गोल केला. १७१ वा. आम्ही गोलच्या मागं, नेहमीच्या जागी. लेक आता मोठी झालेली, वही आणलेली नव्हती. एकदा सगळं स्टेडियम विंगवरच्या बॉलकडं बघत असताना तिनं माझी बाही ओढली, "बाबा, निघाला." मी बघितलं. डिफेंडरची मान वळलेली, आणि आठ नंबर त्याच्या पाठीमागून सुटलेला. बॉल आलाच नाही. तो मागं आला, गुडघ्यांवर हात टेकून क्षणभर वाकला, आणि पुन्हा जाऊन त्या खांद्यामागं उभा राहिला.